नाव नसलेली खुर्ची

“चादर नीट घाल की. पाय उघडं राहिलं,” नाना टेंपोवाल्याला म्हणाले.

टेंपोत कमोडची खुर्ची होती. मधोमध भोक असलेली, खाली भांडं अडकवायची, अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी असते ती. तिच्या उजव्या हाताचा पत्रा कातरला होता, म्हणून नानांनी मघाशी माझ्यासमोरच त्यावर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली होती. ट्यूबवर पंक्चरचं एक गोल ठिगळ होतं, ते नेमकं वरच्या बाजूला आलं. मी हसले, तर नाना म्हणाले, हाताला मऊ लागल्याशी मतलब. चादर खालपर्यंत आली तसा टेंपो गेला. कुणाकडे गेला ते मी विचारलं.

“गावातलंच हाय एक घर,” एवढं बोलून ते आत वळले.

मला राग आला. कारण याच उत्तरावर माझं घोडं सगळीकडे अडत होतं.

मी तेव्हा सांगलीत राहून लहान लहान संस्थांना देणगीदार शोधून द्यायचं काम करत असे. कुणाची बालवाडी, कुणाचं वाचनालय, कुणाचा बचत गट. या लोकांना काम करता येतं, मागता येत नाही. ते मागायचं काम माझं. कंपन्या, ट्रस्ट, परगावी जाऊन मोठे झालेले भूमिपुत्र, सगळ्यांचे उंबरे मी झिजवले होते. एका देणगीदाराने शाळेला पाण्याची टाकी दिली आणि तिच्यावर स्वतःचा एवढा मोठा चेहरा रंगवून घेतला, की पोरं पाणी पिताना त्याच्या नाकाला हात लावून प्यायची. तरी मी त्याचे आभार मानले. पाणी तर मिळत होतं.

नाना उरुणकरांचं येरळेकाठच्या त्या तालुक्याच्या गावात सायकलचं दुकान होतं. दुकानामागच्या बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीत त्यांनी रुग्णसाहित्य केंद्र चालवलेलं. पलंग, हवेच्या गाद्या, व्हीलचेअर, वॉकर, बेडपॅन. ज्याला गरज असेल त्यानं न्यावं, गरज संपली की आणून द्यावं, पैसे नाहीत. जोडीला मालनबाई होत्या, नगरपालिकेच्या दवाखान्यातून आया म्हणून निवृत्त झालेल्या. परत आलेली प्रत्येक वस्तू त्या रगडून धुवायच्या आणि गिरणीच्या मागच्या अंगणात उन्हात मांडून ठेवायच्या. दोघांचीही तोंडं फटकळ. त्यांचं एकमेकांशी भांडण झालं नाही असा दिवस मी पाहिला नाही.

नानांचे नियम ठरलेले होते. वस्तूवर कुणाचं नाव घालायचं नाही. कुणाकडे काय गेलं ते कुणाला सांगायचं नाही. वस्तू जाताना आणि येताना चादरीखाली. लहान गावात दारात कमोडची खुर्ची उतरली की गल्लीभर चौकशी सुरू होते, कुणाचं काय, कधीपासून, उठवतं की नाही. ते मला कळत होतं. पण देणगीदाराला काहीतरी डोळ्यांनी दिसावं लागतं, हे नानांना कळत नव्हतं. किंवा कळत होतं आणि ते ऐकत नव्हते.

त्या वर्षी गिरणी मालकाच्या मुलांनी जागा विकली. दसऱ्यापर्यंत रिकामी करा म्हणाले. नगरपालिका दवाखान्याशेजारची मोकळी जागा वापरू द्यायला तयार होती, पण तिथे शेड बांधायला हवी होती. शेड झाली तर केंद्र राहणार होतं. नाही झाली तर ते पलंग आणि त्या खुर्च्या भंगारात घालण्यावाचून गती नव्हती. सायकलच्या दुकानात दोन माणसं धड उभी राहत नसत.

खूप फिरल्यावर मला जयवंतराव डुबल सापडले. गावाबाहेर त्यांचा पाइपचा कारखाना होता आणि वडिलांच्या नावानं काढलेलं डुबल प्रतिष्ठान. त्यांच्या व्यवस्थापकाशी माझं बोलणं झालं, कागद गेले, आणि साहेबांनी आम्हाला भेटायला बोलावलं. कारखान्याला सुट्टी होती म्हणून बंगल्यावर. नानांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. मालनबाई म्हणाल्या, मी आले तर काहीतरी बोलून बसेन, तुम्हीच जा.

दिवाणखान्यात वडिलांचा माणसाएवढा फोटो होता. आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं आणि तिकडून कुणीतरी खोकत होतं. डुबलांनी मोठ्यानं सांगून ते दार बंद करून घेतलं. “आईला बरं नसतं जरा,” ते म्हणाले आणि विषय बदलला.

माणूस मोकळा वाटला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेड कसली बांधता, पक्का हॉल बांधू म्हणाले. नवे पलंग, नव्या खुर्च्या, सगळं देऊ. मी नानांकडे पाहिलं. आल्यापासून त्यांचा एक पाय हलत होता, तो थांबला होता. हॉलवर प्रतिष्ठानचं नाव येईल असं डुबल म्हणाले, त्यालाही नानांची ना नव्हती. भिंतीवर काय पण लिवा, ते म्हणाले.

मग बाकीचं आलं. नाव नुसतं भिंतीवर नाही, प्रत्येक वस्तूवर. खुर्चीच्या पाठीवर, पलंगाच्या उशाकडच्या पत्र्यावर, फोटोत वाचता येईल असं. जुन्या वस्तूंवरही तेच रंगवायचं. उद्घाटनाला आमदार येणार, तेव्हा पेशंट स्टेजवर त्यांच्या त्यांच्या खुर्च्यांत बसलेले हवेत. त्याचा व्हिडिओ होणार. लाभार्थी दिसले पाहिजेत, हा शब्द ते पुन्हा पुन्हा वापरत होते.

नाना म्हणाले, वस्तूवर नाव आम्ही घालत नाही, आणि आजारी माणूस स्टेजवर येणार नाही.

डुबल हसले. “लाज कसली त्यात? आजारपण म्हणजे काय चोरी आहे? घेणाऱ्यानं उघडपणे घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.”

हे वाक्य माझ्या चांगलं लक्षात राहिलं आहे.

नाना खाली फरशीकडे बघत बोलायला लागले. वर्षभर मी त्यांच्याकडे येत-जात होते, पण ही गोष्ट मी तोवर ऐकली नव्हती.

“माझी मंडळी अंथरुणावर होती. एका मंडळाकडनं मी अशीच खुर्ची आनली. पाठीवर मोठ्या अक्षरात अध्यक्षाचं नाव, सौजन्य म्हनून. अध्यक्ष म्हंजे आमच्याच गल्लीतलं पोरगं. हिच्या हातचं खाऊन मोठं झालेलं. ती बसंना. म्हनली, त्या पोराच्या नावाला पाठ टेकून मी हे करू व्हय? कळ काढायची, रडायची, पर बसायची न्हाई. शेवटी मी ते नाव खरवडलं तवा बसली. तवर आतनं सगळं बिघडलं होतं.”

मला वाटलं, झालं, आता हा माणूस समजला. डुबल पुढे झुकले. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आल्यासारखं दिसत होतं.

“फार टचिंग आहे हे,” ते म्हणाले. “हे असंच्या असं व्हिडिओत बोला. व्हिडिओची सुरुवातच यानं करू.”

शेजारी बसलेल्या व्यवस्थापकाला त्यांनी ते टिपून ठेवायलाही सांगितलं.

माझं डोकं तापलं. नाना मात्र शांतपणे उठले आणि हात कुठे धुवायचे म्हणून त्यांनी विचारलं. डुबलांनी हनुवटीनं मागची बाजू दाखवली. नाना गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. मी एकटी भांडत बसले. साहेब, त्यांनी तुम्हाला घरातलं दुःख सांगितलं, ते तुमच्या जाहिरातीसाठी नाही, असं मी तोंडावर बोलले. डुबल चिडले नाहीत. पैसा आमचा जाणार, मग आमचं नाव लोकांना दिसायला नको का, असं त्यांनी समजुतीच्या सुरात विचारलं. नाहीतर प्रतिष्ठानच्या समितीपुढे गावच्या वेशीवर स्वागतकमान बांधायचाही प्रस्ताव आहेच, म्हणाले. कमानीला काही अडचणी नसतात.

नाना परत आले ते सदऱ्याला हात पुसत. बोटांना काळं ग्रीस लागलेलं होतं. हात धुवायला गेलेला माणूस हात काळे करून आला, हे मी पाहिलं, पण त्यावर विचार करण्याइतकं माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

“येतो आमी,” नाना उभ्याउभ्याच म्हणाले. “तुमचं पैसं नगं आमाला.”

डुबलांनी कारण विचारलं. जमणार नाही, एवढंच ते म्हणाले आणि चपला घालायला लागले.

बाहेर रस्त्यावर आल्यावर मी त्यांच्यावर तुटून पडले. नाही म्हणायचं तर म्हणा, माझंही तेच मत झालंय, पण चार शब्द सुनावून तरी यायचं. मला एकटीला त्यांच्यापुढे बसवून तुम्ही मागच्या मागे निघून गेलात. एरवी गिऱ्हाइकाला सळो की पळो करून सोडता, आणि इथे तोंडातून शब्द नाही. मालनबाईंना आता काय सांगणार, त्या पलंगांचं काय करणार? त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“त्या घरात भांडायचं नव्हतं मला,” ते म्हणाले.

म्हातारा बंगल्यातला संगमरवर बघून दबला, असं मी धरून चालले. एस.टी.त बसल्यावरही माझी धुसफूस चालू होती.

दसरा आला. दुसरा कुणी देणगीदार तेवढ्या दिवसांत उभा राहिला नाही. गिरणी रिकामी करायच्या वेळेला मालनबाईंनीच वाट काढली. ज्यांच्या घरी आपल्या वस्तू कधी ना कधी राहिल्यात, त्यांनी आता एकेक वस्तू सांभाळावी, कुणाला लागली की आपण तिथून उचलू. त्या स्वतः घरोघर गेल्या. काहींनी माळा मोकळा करून दिला. एका तालीमवाल्यानं दोन पलंग ठेवून घेतले. आणि काहींनी दारातूनच परत पाठवलं. आमच्या घरात असलं काही नको, लोक काय म्हणतील. ज्यांच्या आईबापांचं हागमूत मालनबाईंनी धुतलं होतं, त्यातलेच हे. मालनबाई त्यांना काय बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण मी त्यांच्या शब्दाशब्दाशी सहमत होते. केंद्र असं कसंबसं उरलं, गावभर विखुरलेलं.

वेशीवर कमानीचे खांब उभे राहायला लागले होते.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी मी सांगलीहून नानांच्या दुकानात आले होते. कोल्हापूरचा एक ट्रस्ट सापडला होता, त्याबद्दल बोलायचं होतं. गावात बोलणं होतं ते डुबलांच्या आईचं. गंगाबाई डुबल आठवड्यापूर्वी वारल्या होत्या, त्या दिवशी बाजारपेठ बंद ठेवली होती. नाना एका वाकड्या चाकाची आउट काढून ते सरळ करत बसले होते.

तेवढ्यात कारखान्याचा टेंपो दुकानासमोर थांबला. पुढे तोच व्यवस्थापक आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेला फोटोग्राफर. मागे, उघड्यावर, मधोमध उभी केलेली एक कमोडची खुर्ची. आकाशी रंगानं रंगवलेली, वरून झेंडूचा हार घातलेला. ती तशीच भर बाजारातून मिरवत आणली होती. पाठीच्या पत्र्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘कै. गंगाबाई ज्ञानदेव डुबल यांच्या स्मरणार्थ’, आणि त्याखाली दुप्पट मोठ्या अक्षरांत, ‘डुबल प्रतिष्ठान यांचे सौजन्याने’.

व्यवस्थापक म्हणाला, मागचं सगळं विसरून साहेबांनी केंद्राला ही भेट पाठवली आहे. खुर्ची हातात घेताना एक फोटो काढू, पेपरला द्यायचाय.

नाना खुर्चीकडे पाहत राहिले. मग उठून त्यांनी हार काढला, त्याची नीट घडी केली आणि तो व्यवस्थापकाच्या हातात दिला. खुर्ची ठेवा, फोटो नको, असं म्हणाले. व्यवस्थापकानं पुष्कळ विनवलं. शेवटी फोटोग्राफरनं दुकानाच्या पायरीवर नुसत्या खुर्चीचाच फोटो काढला आणि टेंपो गेला.

एवढा मोठा कारखानदार, आणि आईच्या नावानं दिलं काय तर एक खुर्ची, असं काहीतरी मी बोलत होते. बोलता बोलता खुर्चीच्या हातावर माझा हात पडला. हाताला मऊ लागलं. रबरावर रंग धरला नव्हता, त्याच्या खपल्या निघत होत्या. एक खपली मी नखानं उडवली. खाली पंक्चरचं गोल ठिगळ होतं.

“नाना, ही आपलीच खुर्ची आहे.”

“मग कुनाची?” नाना म्हणाले.

मी एकेक विचारत गेले आणि त्या दिवशी प्रथमच त्यांनी सांगितलं. डुबलांची बायको स्वतः आली होती, डोक्यावरून पदर घेऊन, दुकानाच्या मागच्या अंगानं. पुण्याहून भारीतली खुर्ची यायची आहे, तोवर दोन दिवसांसाठी द्या म्हणाली. भारीतली आलीही. पण म्हातारीला ट्यूबचा हात सवयीचा झाला, ती ही जुनी सोडेना. म्हणून खुर्ची तिथेच राहिली. घेणाऱ्यानं उघडपणे घ्यावं असं स्पष्ट मत असणाऱ्या माणसाच्या घरात मागच्या दारानं गेलेली, चादरीखालून.

त्या दिवशी हात धुवायला म्हणून नाना मागे गेले ते तिलाच बघायला. खुर्चीचा एक पाय हलतोय असा सुनेचा निरोप आला होता. खिशात पान्हा घेऊनच ते गेले होते.

“मी नट आवळत होतो,” नाना म्हणाले. “म्हातारीनं माझा हात धरला. बंद दाराआडनं तिला समदं ऐकू गेलं होतं, तुमचं आन् त्याचं. म्हनली, नाना, माझ्या खुर्चीवर काय लिवू देऊ नगा. मी म्हनलं, न्हाई लिवनार. शब्द दिला.”

मग बाहेर येऊन ते कसे भांडणार होते? एक शब्द तोंडातून गेला असता तर म्हातारीचं नाव निघालं असतं. हे मला तेव्हा कळलं, आणि कळल्यावर माझा राग दुप्पट झाला. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते दुःखाचं नव्हतं. आपल्या पाठीला कुणाचं नाव टेकू नये एवढंच त्या बाईनं मागितलं होतं, आणि पोटच्या पोरानं तिचंच नाव तिच्या कमोडच्या खुर्चीवर रंगवून ती भर बाजारातून फिरवली. वर हार घालून. त्याला माहीत नसेल, असं म्हणावं, तर सुनेनं सांगितल्याशिवाय खुर्ची या दारात आलीच नसती. ज्याची वस्तू त्याला परत करायची होती, त्या परत करण्याचंच त्यानं दान केलं होतं.

मी म्हणाले, मी आत्ता पेपरच्या ऑफिसात जाते. हे ठिगळ दाखवते. ही खुर्ची अशीच ठेवा, हा पुरावा आहे. गावाला कळू दे सौजन्य कुणाचं ते.

“म्हातारी आपली पेशंट होती, ताई,” नाना म्हणाले. “मेली म्हनून काय झालं.”

मी वाद घातला. आजही कुणी विचारलं तर घालेन. अशा माणसांना कुणीच काही बोलत नाही म्हणून त्यांचं फावतं, हे माझं मत तेव्हाही होतं आणि आताही आहे. नावं बदलून का होईना, एवढ्या वर्षांनी हे लिहिते आहे ते त्यामुळेच. नाना आत गेले आणि थिनरची बाटली, फडकी आणि पॉलिश पेपर घेऊन आले.

तेवढ्यात मालनबाई आल्या. खालच्या आळीत एका घरात संध्याकाळच्या आत कमोडची खुर्ची हवी होती. दुसरी कुठलीच मोकळी नव्हती. त्यांनी खुर्चीच्या पाठीवरचं वाचलं, मग नानांकडे पाहिलं. त्या चादर शोधायला आत गेल्या.

मी नानांच्या हातातून पॉलिश पेपर हिसकावून घेतला आणि पायरीवर फतकल मारून बसले. खालच्या ओळीतला ‘डुबल प्रतिष्ठान’मधला ‘डु’ मी असा घासायला घेतला, की पत्र्याला भोक पडलं असतं तरी मला चाललं असतं.

नानांनी माझं मनगट धरलं.

“तिथनं नगं,” ते म्हणाले. “आदी म्हातारीचं नाव काढा.”